पिन कुणाच्या तोफेची?

प्रश्न : भोसरीत आमचं लहान सीएनसी वर्कशॉप आहे. युरोपातल्या एका कंपनीनं पाठवलेल्या ड्रॉइंगवर 'गन माउंट' असं लिहिलंय. आम्ही करणार फक्त मुठीत मावणारी पिन. तिच्यासाठी परवाना कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा लागेल. पिन केवढी आहे यापेक्षा ती कशासाठी घडवली, हे कायदा बघतो. निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या आपल्या 'स्कोमेट' यादीतला सहावा वर्ग युद्धसामग्रीचा आहे. त्यातल्या अनेक नोंदींत शस्त्रांबरोबर त्यांचे खास बनवलेले सुटे भागही येतात. बाजारात सहज मिळणारी पिन तोफेत बसली, तर गोष्ट वेगळी. तुमच्या पिनेचं माप, धातू आणि टॉलरन्स त्या माउंटसाठीच ठरवलेत का, ते ड्रॉइंगवर बघा.

स्कोमेटचे बहुतेक परवाने विदेश व्यापार महासंचालनालय (डीजीएफटी) देतं. सहाव्या वर्गासाठी मात्र संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाकडे ऑनलाइन अर्ज करायचा. सोबत अंतिम वापराचं प्रमाणपत्र लागतं, ते ग्राहकाकडून येतं. सीएचए, म्हणजे तुमचा कस्टम्स एजंट, सीमाशुल्कासाठीचा एचएस कोड काढून देईल, पण स्कोमेटचा वर्ग त्यावरून ठरत नाही. इथे पुष्कळ जण फसतात आणि माल बंदरावर अडकतो.

पिनेइतकंच ड्रॉइंगही जपा. तंत्रज्ञान ईमेलनं परदेशी पाठवणं हीसुद्धा निर्यातच. आणि ड्रॉइंग मूळ अमेरिकन असून त्यावर 'आयटार'चा, म्हणजे तिथल्या शस्त्रनिर्यात नियमांचा, शिक्का असेल, तर अमेरिकेचा कायदा भोसरीपर्यंत तुमच्या मागे येतो! असं ड्रॉइंग हीट ट्रीटमेंटसाठी शेजारच्या गाळ्यात देतानाही तिथला परवाना तुम्हाला तशी मुभा देतो का, हे आधी बघावं लागतं. आपल्याकडे जॉबवर्क ज्या सहजतेनं फिरतं, ते पाहता मला खरी धास्ती याचीच वाटते.

कोटेशन देण्याआधीच ग्राहकाला लेखी विचारा: अंतिम वापर कोण करणार, ड्रॉइंग मूळ कुठलं, आणि त्यांच्या युद्धसामग्रीच्या यादीत या भागाचा 'एमएल' क्रमांक कोणता. शस्त्रांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार या बहुराष्ट्रीय व्यवस्थेत भारत डिसेंबर 2017 मध्ये सामील झाला. युरोपच्या यादीप्रमाणे आपल्या सहाव्या वर्गाची मांडणीही तिच्याच यादीच्या धर्तीवर आहे. त्यामुळे तो क्रमांक हाती आला की आपल्या यादीतली नोंद शोधायला वेळ लागत नाही. ग्राहक सांगायला टाळाटाळ करू लागला, तर ऑर्डर कितीही मोठी असो, मशिनवर बार चढवू नका.