आदास, आरसा आणि आदर्श

आमच्या विहारात रविवारी पालीचा वर्ग चालतो. मागील वर्षी शब्दार्थाच्या चाचणीत 'आदास' या शब्दापुढे एका विद्यार्थ्याने 'आदर्श' असे लिहिले. आम्ही त्यावर लाल फुली मारली, शेजारी 'आरसा' लिहिले आणि वही परत केली. घरी येऊन कोश उघडला तेव्हा चूक आमची होती असे ध्यानी आले. त्या निमित्ताने जे वाचनात आले ते येथे मांडीत आहोत.

संस्कृतात आरशाला 'आदर्श' म्हणतात. 'दृश्' म्हणजे पाहणे. ज्यात पाहावयाचे तो आदर्श. याच शब्दाचे पाली रूप 'आदास'. 'र्श' मधील र गळाला, श चा स झाला आणि मागील अक्षर दीर्घ झाले. ('दास' या शब्दाशी त्याचा संबंध नाही.) प्राकृतात मात्र र टिकला आणि द गेला, 'आयरिस' असे रूप झाले. आपला 'आरसा' आणि गुजरातीतला 'आरसो' त्याच वाटेने आले. हिंदीतील 'आरसी'ही याच कुळातली. तेव्हा आरसा हा पालीतून आला असे म्हणता येत नाही, पण दोघांचे घर एकच.

पुढे मराठीने तोच शब्द संस्कृतातून मूळ रूपात पुन्हा घेतला आणि त्याला अनुकरणीय नमुना असा अर्थ दिला. ज्या पोथीवरून नक्कल करावयाची तिलाही आदर्श म्हणत. जिच्याकडे पाहून तसेच लिहावयाचे ती. आज आपल्या घरात हा एकच शब्द दोन भिंतींवर टांगलेला असतो: मोरीजवळ आरसा आणि बैठकीच्या खोलीत हार घातलेल्या तसबिरीत आदर्श. पहिल्यात आपण रोज पाहतो. दुसऱ्याकडे १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला पाहतो, असे कोणी म्हटले तर राग येऊ देऊ नये.

बुद्धकाळातील आरसा आजच्यासारखा नव्हता. धातूचा पत्रा घासून चकचकीत करीत. तो नसेल तर पाण्याचे भांडे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात शृंगार करणाऱ्या राजस्त्रीच्या हातात गोल आरसा आहे. भिक्खूंना मात्र आरशात तोंड पाहण्यास विनयाची मनाई आहे. चुल्लवग्गात कारण दिले आहे की, हे तर गृहस्थांसारखे वागतात अशी नावे लोक ठेवू लागले. पण एका भिक्खूच्या तोंडावर जखम झाली तेव्हा आजारापुरती मुभा दिली गेली. 'आदासपञ्ह', म्हणजे आरशाला प्रश्न विचारून भविष्य सांगणे, याची गणना ब्रह्मजाल सुत्तात हीन विद्यांत आहे. आमच्या लहानपणी नखाला काजळ लावून त्यात चोर दाखविणारे गावात येत. त्यांचा धंदा किती जुना हे यावरून कळावे.

या शब्दाचा सर्वांत मोलाचा उपयोग मज्झिम निकायातील अम्बलट्ठिका राहुलोवाद सुत्तात आहे. तथागत राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल सांगतो, निरखून पाहण्यासाठी. पाली शब्द 'पच्चवेक्खण'. मग तथागत सांगतात की, कायेने, वाचेने वा मनाने जे करावयाचे ते असेच निरखावे: करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर. कसोटी एवढीच की, त्याने स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय? केल्यावर कायेचे वा वाचेचे कर्म वाईट ठरले तर ते लपवू नये. शास्त्यापुढे वा सुज्ञ सोबत्यांपुढे उघड करावे. आम्ही बँकेत आहोत. संध्याकाळी रोकडीत फरक निघाला तर तो त्याच दिवशी दाखवावा लागतो. झाकला की वाढतो. खोटे बोलण्यासंबंधीचा हा राहुलोवाद भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावा, असे सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात नाव घेऊन सांगितले आहे.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात आमची चूक सांगितली. तो विद्यार्थी म्हणाला, "सर, मला अर्थ आठवला नव्हता. सारखे वाटले म्हणून लिहिले." तरी गुण दिला.

एक उल्लेख राहिला. महापरिनिब्बान सुत्तात नादिक गावी आनंद एकेका मृताचे नाव घेऊन त्याची गती विचारतो. कोणी मेला की येऊन असे विचारणे हा त्रास आहे, असे तथागत म्हणतात आणि 'धम्मादास', म्हणजे धम्माचा आरसा, देतात: बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावर अढळ श्रद्धा आणि अखंड शील. हे ज्याच्याजवळ आहे त्याने स्वतःविषयी स्वतःच सांगावे. अमका खरा बौद्ध, तमका नावापुरता, असे दाखले वाटण्याची जी सवय आपल्या सभांतून वाढली आहे, तिला या सुत्तात कोठेही आधार नाही.