जुन्या गेम मशीनची हार्ड डिस्क : थोड्या खर्चात मोठी सोय

कापडाच्या धंद्यात पहिला धडा मिळतो तो कात्रीचा. आधी मापायचे, मग कापायचे. एकदा कात्री चालली की पश्चात्तापाने कापड जुळत नाही. हाच धडा आम्हाला गेल्या उन्हाळ्यात एका अगदी वेगळ्या मालाच्या बाबतीत पुन्हा गिरवावा लागला. तो वाचक बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडत आहोत.

आमचा भाचा नागपुरात मोमिनपुऱ्यात एका लहान गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लर चालवतो. तीन मशीने, तिन्ही जुनी प्ले स्टेशन ४. सुट्यांत मुले नवा गेम मागत आणि मशीन 'जागा नाही' असे सांगे. जो गेम होता तो उघडायला इतका वेळ घेई की तासाचे पैसे देणारे गिऱ्हाईक कुरकुर करी. भाचा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, हप्त्यावर तीन नवी मशीने घेतो. तुम्ही फक्त जामीन राहा."

आम्ही विचारले, "जुन्यात बिघडले काय?" त्याला नेमके सांगता येईना. रोग माहीत नसताना औषधासाठी कर्ज काढणे हे व्यापाऱ्याचे काम नव्हे. म्हणून जामीन राहण्याआधी आम्ही त्याच्याबरोबर बसून ते मशीन समजून घेतले.

आधी रोग ओळखा

प्ले स्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आले. पहिल्या मशीनमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. त्यातील काही भाग मशीन स्वतःच्या कामासाठी राखून ठेवते आणि मालकाच्या हाती सुमारे ४०७ जीबी उरतात. आजचे मोठे गेम ५० ते १०० जीबी जागा घेतात. म्हणजे पाच-सहा मोठे गेम ठेवले की गोदाम भरले.

पुष्कळांचा समज असा की गेमची तबकडी विकत घेतली तर जागा लागत नाही. तो चुकीचा आहे. तबकडीवरचा गेमसुद्धा पूर्ण हार्ड डिस्कवर उतरतो. त्यानंतर तबकडी केवळ मालकीची चिठ्ठी म्हणून आत ठेवावी लागते.

तक्रारी तीन प्रकारच्या असतात : जागेची, वेगाची आणि उष्णतेची. तिन्हींची औषधे वेगळी. जागा कमी पडत असेल तर मोठी डिस्क हवी. गेम उघडायला वेळ लागत असेल तर वेगवान डिस्क हवी. पंखा घरघरत असेल आणि मशीन मध्येच बंद पडत असेल तर डिस्क बदलून काहीच होणार नाही, त्याची धूळ काढावी लागेल. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली बंद कपाटात ठेवलेले मशीन किती दिवस तग धरणार?

बिनखर्ची उपाय

खिशात हात घालण्यापूर्वी तीन कामे करावीत. पहिले, सेटिंगमध्ये जाऊन कोणता गेम किती जागा खातो हे पाहावे आणि ज्याला महिनाभर कोणी हात लावला नाही तो काढून टाकावा. गेम काढला तरी खेळणाऱ्याची जमा प्रगती वेगळ्या ठिकाणी शाबूत राहते. दुसरे, खेळताना आपोआप साठलेली चित्रे व चित्रफिती पुसाव्यात. तिसरे, मशीन 'सेफ मोड'मध्ये सुरू करून 'रीबिल्ड डेटाबेस' हा पाचवा पर्याय निवडावा. ही गोदामातील मालाची यादी नव्याने लिहिण्यासारखी गोष्ट आहे. सुस्त झालेले मशीन कित्येकदा एवढ्यानेच हलके होते.

भाच्याच्या एका मशीनची तक्रार या तीन कामांतच मिटली. खर्च शून्य. उरली दोन.

कोणती डिस्क घ्यावी?

जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती आणि तिच्यावर फिरणारा लहानसा हात. हवा तो मजकूर शोधायला हात तेथवर पोहोचावा लागतो. दुकानात नोकराने शिडी लावून वरच्या खणातील थान काढावे तसे. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारा भाग नसतो. सगळी थाने जणू गादीवर हाताशी मांडलेली. म्हणून ती वेगवान, पण जागेच्या मानाने महाग.

स्वस्तातला मार्ग बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा. मार्च २०१७ च्या सुधारणेपासून प्ले स्टेशन ४ ला अशी डिस्क जोडता येते. ती यूएसबी ३ ची आणि २५० जीबी ते ८ टीबी या मापातील असावी. मशीन उघडावे लागत नाही. मात्र जोडताना मशीन ती आपल्या पद्धतीने आखून घेते आणि तिच्यातील आधीचे सर्व पुसले जाते. मशीन चालू असताना ती उपटू नये.

दुसरा मार्ग आतली डिस्क बदलण्याचा. येथे माप चुकवू नका. २.५ इंची, साटा जोडणीची, जाडीने ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसलेली डिस्कच बसते. २.५ इंचीच पण १५ मिलिमीटर जाडीच्या काही मोठ्या डिस्क मिळतात, त्या आत जाणार नाहीत. च्युइंग गमच्या पट्टीसारखी एम.२ डिस्कही प्ले स्टेशन ४ च्या कामाची नाही. ती प्ले स्टेशन ५ साठी. भारतात ते मशीन फेब्रुवारी २०२१ मध्ये आले आणि त्यातील एम.२ ची जागा सप्टेंबर २०२१ च्या सुधारणेने खुली झाली. तेथे चौथ्या पिढीची जलद डिस्क आणि तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी लागते.

एसएसडीकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. गेम लवकर उघडतो, पण पडद्यावरचे चित्र काही अधिक देखणे होत नाही. पहिल्या प्ले स्टेशन ४ ची जोडणी सेकंदाला सुमारे ३०० एमबीच्या पुढे जाऊ देत नाही. त्याच डिस्कला २०१६ च्या 'प्रो' मशीनमध्ये याच्या दुप्पट रुंद रस्ता मिळतो. तेव्हा पहिल्या मशीनसाठी सर्वांत महाग एसएसडी घेणे म्हणजे गल्लीत चालवायला ट्रक घेणे होय. साधी चांगल्या कंपनीची पुरते.

भाव काढण्याची रीत आपल्याला नवी नाही. ठोक रकमेवर जाऊ नका. किमतीला जीबीने भागा आणि दर काढा, जसा आपण थानाचा दर मीटरवर काढतो. मग वॉरंटीची वर्षे पाहा आणि पक्के बिल घ्या.

माप आणि मापातील खोट

एक टीबीची डिस्क कॉम्प्युटरला लावली की तो ९३१ जीबी दाखवतो. फसवणूक झाली असे वाटते, पण झालेली नसते. कंपनी एक टीबी हजाराच्या पटीने मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या पटीने. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, १९५६ च्या कायद्यानंतर गजाची जागा मीटरने घेतली तेव्हा गिऱ्हाईक असेच गोंधळले होते. कापड तेच, पट्टी वेगळी.

खरी फसवणूक निराळी आहे आणि तिच्यात आम्ही स्वतः सापडलो. बाहेरगावी खरेदीला गेलो असताना पदपथावर 'दोन टीबी' छापलेली लहानशी डिस्क मिळाली. भाव अर्ध्याहून कमी. बिल नाही. कॉम्प्युटरला लावली, त्यानेही दोन टीबी दाखवले. आम्ही खूश. पण सामान भरत गेलो तसे आधी भरलेले नासू लागले. शेवटी तपासणीत खरी जागा ६४ जीबी निघाली. आतील चिपला खोटे बोलायला शिकवलेले होते. चाळीस वर्षांचे कापडवाले आम्ही, थानाची घडी उलगडल्याशिवाय माल न घेणारे, आणि येथे घडीवरच्या शिक्क्यावर विसंबलो!

म्हणून नवी डिस्क आणली की पहिल्याच दिवशी घडी उलगडावी. कॉम्प्युटरवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' हा फुकट मिळणारा कार्यक्रम डिस्क काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतो आणि खरी जागा सांगतो. जुनी डिस्क घ्यायची असेल तर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हा कार्यक्रम ती किती तास चालली आणि तिची तब्येत कशी आहे हे दाखवतो. विकणारा तपासू देत नसेल तर सौदा तेथेच सोडावा. चोरून उतरवलेले गेम भरून देणाऱ्यापासूनही दूर राहावे. दुसऱ्याच्या मेहनतीचा चोरीचा माल आपल्या दुकानात नको.

बदलण्याची रीत

पहिली पायरी जमाखर्च उतरवून घेण्याची. मशीनच्या 'बॅकअप अँड रीस्टोर' या पर्यायातून सर्व मजकूर बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. निदान प्रत्येक खेळाडूची जमा प्रगती पेन ड्राइव्हवर उतरवावी. ट्रॉफी यात येत नाहीत, त्या आधी इंटरनेटवर जुळवून घ्याव्यात.

दुसरी पायरी पेन ड्राइव्हची. तो फॅट-३२ पद्धतीने आखावा. त्यात रोमन मोठ्या अक्षरांत 'पीएस४' नावाचा कप्पा, त्याच्या आत 'अपडेट' नावाचा कप्पा करावा आणि त्यात कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून घेतलेली फाइल ठेवावी. फाइल दोन प्रकारची मिळते. लहान फाइल केवळ सुधारणेची. आपल्याला नव्याने बसवण्याची, सुमारे एक जीबीची मोठी फाइल हवी. बहुतेक जण येथेच चुकतात.

तिसरी पायरी हातकामाची. मशीन पूर्ण बंद करून सर्व वायरी काढाव्यात. पहिल्या मशीनमध्ये वरचे चकचकीत झाकण बाजूला सरकते, नंतरच्या मशीनांत मागच्या कोपऱ्यात लहान झाकण असते. आत एक स्क्रू. तो काढला की चौकटीसह डिस्क बाहेर येते. चौकटीचे चार स्क्रू व त्यांखालचे रबर वाटीत जपून ठेवावे. नवी डिस्क त्याच बाजूने बसवावी. जोर लावू नये.

चौथी पायरी, पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करावे. कंट्रोलर वायरने जोडावा. 'सेफ मोड' आला की सातवा पर्याय निवडावा, ज्यात सिस्टम सॉफ्टवेअर नव्याने बसवण्याचा उल्लेख असतो. काम चालू असताना वीज जाता कामा नये. यूपीएस असेल तर उत्तम. नंतर बॅकअप परत आणावा.

कोणाची तरी ठेव

एक चूक मात्र पैशाने भरून निघाली नाही. भाच्याने पहिले मशीन घाईने उघडले. बॅकअप नव्हता, तरी बिघडले नसते, कारण काढलेली डिस्क त्याच मशीनमध्ये परत बसवली तर सहसा जशीच्या तशी चालते. पण त्याने त्याच रात्री ती कॉम्प्युटरवर पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी शाळकरी मुलगा आला. चार महिने खिशातले पैसे साठवून त्याने आपला फुटबॉलचा संघ पुढे नेला होता. तो पडद्याकडे पाहत राहिला आणि काही न बोलता निघून गेला. भाच्याने त्याला बोलावून महिनाभर फुकट खेळू दिले. मुलगा आला, पण त्याचा संघ आला नाही.

आम्हाला वाटते, धंद्याच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी गोष्ट. शिंप्याकडे आलेले कापड जसे गिऱ्हाइकाची अमानत असते, तशीच मशीनमधील ही जमा प्रगती. ती आपल्या मालकीची नाही. म्हणून काढलेल्या डिस्कला निदान एक महिना हात लावू नये. महिना सुरळीत गेला की मग ती यूएसबीच्या डबीत घालून कॉम्प्युटरवर नव्याने आखावी. भाच्याची एक जुनी डिस्क आज आमच्या दुकानाच्या हिशेबाची दुसरी प्रत सांभाळते.

शेवटचा हिशेब

तीन मशीनांपैकी एकाला काहीच लागले नाही, एकाला बाहेरची हार्ड डिस्क लागली आणि सर्वांत जास्त चालणाऱ्याला एसएसडी. सगळा खर्च एका नव्या मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्याही आत राहिला आणि हप्ता एकही नाही. जुने मशीन कायम पुरेल असे आम्ही म्हणत नाही. प्ले स्टेशन ५ चे गेम त्यावर चालणार नाहीत, आणि गिऱ्हाईक तेच मागू लागेल तेव्हा नवे घ्यावेच लागेल. पण तोवर त्यासाठी गल्ल्यात रोख जमलेली असेल.

नागपूरला ही रीत परकी नाही. १८७७ साली येथे सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेदजी टाटांनी पुढच्या दशकात रिंग पद्धतीच्या चात्या आधी थोड्या प्रमाणात लावून पाहिल्या. उतरल्या तेव्हा वाढवल्या. गिरणी मोठी होती, तरी पारख लहान प्रमाणात केली. आपण तर छोटे दुकानदार. आपल्या माग, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, गेम मशीन या सगळ्यांना आधी विचारावे की तुझे नेमके काय कमी पडते. मगच कात्री उचलावी.