फॉर्म भरण्याआधी त्याच्याशी बोल

चि. मुक्ता,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, तक्रार करू का?’ घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज लिहितो आहे. करू नकोस.

‘परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षण संपलं की घरी पाठवावं, इथे नोकरी देऊ नये,’ असं तो मुलगा भर वर्गात म्हणाला. कर्ज काढून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टनला शिकायला गेलेल्या पोरीला हे लागणारच. पण ते त्याचं मत आहे. त्याने तुला धमकावलं नाही, तुझा पिच्छा पुरवला नाही. तसं कधी झालं तर क्षणभरही थांबू नकोस. पोलिसांत जा, विद्यापीठात जा, मध्यरात्र असली तरी मला फोन कर.

तुझी मैत्रीण म्हणते, अशा तक्रारी विद्यापीठाच्या ज्या समितीकडे जातात, तिच्याकडून शिक्षा होत नाही, नुसतं बोलायला बोलावतात. मिशिगन विद्यापीठही आपल्या तशाच समितीबद्दल हेच म्हणत होतं. 2019 साली तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की जी समिती प्रकरण पुढे शिक्षेसाठी पाठवू शकते, तिच्या साध्या बोलावण्यातही धाक असतो. तुमच्या इंडियाना विद्यापीठाच्या समितीवरच्या खटल्यात मात्र तो भरणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या विरोधात निकाल गेला आणि मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायला नकार दिला. म्हणजे कोर्टांचंही एकमत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला असं बोलावणं आलं तर तो पुढे वर्गात तोंड उघडेल का, हे तूच सांग.

तुमच्याच राज्यातली एक गोष्ट सांगतो. 2007 साल, इंडियानापोलिसचा कॅम्पस. सफाईचं काम करून शिकणारा एक विद्यार्थी सुट्टीच्या वेळात पुस्तक वाचत बसायचा. 1924 मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेला कसं तोंड दिलं, त्याचा तो इतिहास. मुखपृष्ठावर क्लॅनचे झगे. ते पाहून सहकाऱ्यांनी तक्रार केली आणि विद्यापीठाच्या कार्यालयाने त्याला वांशिक छळाचा दोषी ठरवणारं पत्र धाडलं. क्लॅनच्या पराभवाचं पुस्तक वाचल्याबद्दल! 2008 मध्ये विद्यापीठाला ते मागे घ्यावं लागलं. सहकाऱ्यांना ते चित्र पाहून धक्का बसला असेल, तो खोटा म्हणवत नाही. पण ‘काय वाचतोस?’ एवढं विचारून, उत्तर नीट ऐकून घेतलं असतं, तर कार्यालयापर्यंत जावंच लागलं नसतं.

आणि तक्रारीची सोय एकाच बाजूच्या हातात राहत नाही. 2024 मध्ये इंडियानाने कायदा केला: प्राध्यापक वर्गात वेगवेगळ्या विचारांना वाव देत नाहीत, अशीही तक्रार आता विद्यार्थ्यांना करता येते. वसाहतवाद शिकवणाऱ्या ज्या बाईंचं तू इतकं कौतुक करतेस, त्यांच्याविरुद्ध उद्या कोणी अशीच तक्रार केली, तर तुला काय वाटेल?

तू वादात कच्ची नाहीस. तू भरतेस ती फी त्याच राज्यातल्या मुलांच्या फीच्या कितीतरी पट आहे, हे त्याला ठाऊक आहे का, विचार. त्याला नोकरीची कसली भीती वाटते, तेही विचार आणि मधे न तोडता ऐकून घे. पटलं नाही तर सगळ्यांसमोर स्पष्ट सांग.

पुढच्या तासाला एवढं कर. मग रविवारी फोनवर तो काय म्हणाला ते सविस्तर सांग.

तुझा,
मामा