यात्रिनिवासाचा अदृश्य धूर

१. पणती मोठी की यंत्र?

कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री वाराणसीचे घाट असंख्य पणत्यांनी उजळून निघतात. शिंदे घाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान भोसले घाट आहे. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधविला. पायऱ्यांवर उभी असलेली जाड भिंतींची दगडी वास्तू आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर यांमुळे तो दुरूनही ओळखू येतो. नावेतून ही दीपांची आरास पाहणाऱ्या एखाद्या चिकित्सक प्रवाशाच्या मनात साहजिकच असा प्रश्न येईल, की इतक्या ज्योतींमुळे हवेत केवढा कार्बन डायॉक्साइड वायू मिसळत असेल!

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने न देता गणिताने द्यावे. एका पणतीत १० ग्रॅम तेल जळले, तर सुमारे २८ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड निर्माण होतो. म्हणजे हजार पणत्यांपासून २८ किलोग्रॅम. आता ज्या नावेत प्रवासी बसला आहे तिच्या इंजिनाकडे पाहू. एक लिटर डिझेल जळताना सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. तेव्हा हजार पणत्यांचा वायू दहा लिटरांहून किंचित अधिक डिझेलाइतकाच भरतो.

शिवाय या दोन वायूंच्या उगमातही भेद आहे. तिळाच्या वा मोहरीच्या तेलातील कार्बन त्या रोपाने एखाद्या वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. पणती तो हवेला परत करते. डिझेलातील कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे भूगर्भात बंदिस्त होता. तो हवेत आला की वातावरणात नवी भर पडते. बियाणे, खत आणि घाणा यांना लागणारे इंधन तेलाच्या हिशेबात धरले पाहिजे हे खरे. तथापि मूळ भेद कायम राहतो. यावरून पहिला धडा मिळतो: जे डोळ्यांना दिसते तेच मोठे असते असे नाही.

२. पदचिन्ह म्हणजे काय?

एखाद्या व्यवसायामुळे वातावरणात जाणाऱ्या उष्णताधारक वायूंच्या एकूण भाराला ‘कार्बन पदचिन्ह’ म्हणतात. यात्रिनिवास, खाणावळ, नाट्यगृह किंवा उत्सवाचा मंडप यांचे पदचिन्ह तीन भागांत मोजतात. पहिला भाग आवारात जळणाऱ्या इंधनाचा. दुसरा विकत घेतलेल्या विजेचा. तिसरा अन्नधान्य, कपड्यांची धुलाई, कचरा आणि पाहुण्यांचा प्रवास अशा बाहेरच्या गोष्टींचा.

मोजणीसाठी तीन आकडे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होते. एक लिटर डिझेलामागे २.७ किलोग्रॅम, एक किलोग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसमागे सुमारे ३ किलोग्रॅम, आणि भारतातील विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड. वीज स्वतः धूर सोडत नाही. परंतु आपल्या देशातील बरीचशी वीज अद्याप कोळशापासून तयार होत असल्याने तिचा धूर दूरच्या वीजकेंद्रात निघतो.

३. एका दिवसाचा हिशेब

घाटाजवळच्या गल्लीत वीस खोल्यांचा एक यात्रिनिवास आहे अशी कल्पना करावी. मे महिन्यातील एका दिवसाचा त्याचा हिशेब असा मांडता येईल:

वातानुकूलन: २० यंत्रे, प्रत्येकी ८ तास, ताशी सरासरी १ युनिट; १६० युनिट, म्हणजे ११२ किलोग्रॅम.
डिझेल जनित्र: वीज गेल्यावर २ तास, ताशी ५ लिटर, २७ किलोग्रॅम.
स्वयंपाक: १९ किलोग्रॅमची टाकी तीन दिवस पुरते, रोजचे १९ किलोग्रॅम.
दिवे: ९ वॅटचे ६० एलईडी दिवे, ६ तास, सुमारे २ किलोग्रॅम.

एकूण भार १६० किलोग्रॅम झाला. यांत दिव्यांचा वाटा जवळजवळ नगण्य, तर वातानुकूलनाचा सत्तर टक्के आहे. खोलीबाहेर पडताना दिवा मालवावा ही पाटी योग्यच होय; परंतु मालक तेवढ्यावरच समाधान मानील, तर मोठा भार तसाच राहील.

४. थंडाव्याचे शास्त्र

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजानुसार वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. यंत्र २० अंशांऐवजी २४ अंशांवर ठेवले, तर वरील हिशेबात रोज सुमारे २५ किलोग्रॅमची बचत होईल. म्हणजे सर्व दिव्यांच्या अकरा दिवसांच्या वापराइतकी! आणि त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागत नाही. जोडीला छताचा पंखा फिरत असेल, तर चार अंशांचा फरक पाहुण्याला फारसा जाणवतही नाही, कारण वाहती हवा घामाचे बाष्पीभवन जलद करते.

येथे घाटावरील जुन्या वास्तूंकडून शिकण्यासारखे आहे. दगडाची जाड भिंत तापण्यास वेळ लागतो. दुपारच्या उन्हाची उष्णता आतल्या बाजूस पोहोचेतो कित्येक तास जातात; तोवर बाहेरची हवा निवू लागते. रात्री खिडक्या उघडल्या की भिंत ती उष्णता सोडून देते. पातळ भिंत आणि मोठी काच यांच्या नव्या खोलीत हा गुण नसतो. जुनी इमारत पाडून काचेची उभारण्यापूर्वी ही गोष्ट विचारात घेतली पाहिजे. अर्थात पावसाळ्यातील दमट हवेत भिंतीचा हा उपयोग कमी होतो, हेही सांगितले पाहिजे.

वातानुकूलन यंत्रात आणखी एक गुप्त भार असतो, तो म्हणजे शीतकारक वायूचा. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे अठराशेपट उष्णता धरतो. नळीच्या गळतीतून असा एक किलोग्रॅम वायू निसटला, तर साडेसहाशेहून अधिक लिटर डिझेल जाळल्याइतका परिणाम होतो. दुरुस्ती करताना वायू हवेत न सोडता टाकीत परत भरून घेणारा जाणता कारागीर म्हणूनच मोलाचा होय.

५. चूल, ऊन आणि उष्टे

काशीला अन्नछत्रांची परंपरा जुनी आहे. मोठ्या स्वयंपाकातील इंधन कसे वाचवावे याचे एक उदाहरण मात्र महाराष्ट्रातील शिर्डी येथे सापडते. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ अंतर्गोल परावर्तक बसविण्यात आले. ते सूर्यकिरण एका ठिकाणी एकवटून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर सहस्रावधी भक्तांचे अन्न शिजते. अशा योजनेत ढगाळ दिवसांसाठी दुसरे इंधन हाताशी ठेवावे लागते.

लहान यात्रिनिवासाला एवढी यंत्रणा परवडणार नाही. त्याने हिवाळ्यातील स्नानाच्या पाण्यापासून आरंभ करावा. चाळीस यात्रेकरूंचे प्रत्येकी २० लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास २०,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २३ युनिट वीज लागते. तिचा भार रोज १६ किलोग्रॅम. छतावरील सौर बंबाने यातील पुष्कळसा भाग उरकतो.

उष्ट्या अन्नाचा विचारही आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील सुमारे २८ टक्के खाणावळी, उपाहारगृहे इत्यादी अन्नसेवांमधून गेले. कचऱ्याच्या ढिगाखाली हे अन्न हवेविना कुजून मिथेन वायू सुटतो. तोच वायू बंदिस्त टाकीत गोळा केल्यास चुलीला इंधन मिळते. पुण्याच्या ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्यास २००६ मध्ये इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तथापि वायू मिळविण्यापेक्षा पाने मोजून अन्न शिजविणे अधिक श्रेयस्कर.

६. नौकाविहार आणि उत्सव

वाराणसीतील मुख्य करमणूक म्हणजे नौकाविहार. २०२१ च्या सुमारास येथील डिझेल नावांना दाबित नैसर्गिक वायूची, म्हणजे सीएनजीची, इंजिने बसविण्यास वेग आला. नमो घाटावर, म्हणजे पूर्वीच्या खिडकिया घाटावर, गेल कंपनीने वायूभरणीचे तरंगते केंद्र उभारले. तेवढीच उष्णता देताना हा वायू डिझेलापेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी कार्बन डायॉक्साइड सोडतो. काजळीही कमी होते. परंतु त्यातील मुख्य घटक मिथेन असल्याने गळती झाल्यास लाभ नाहीसा होतो. डिसेंबर २०२५ मध्ये कोची येथे बांधलेली हायड्रोजन नौका गंगेत प्रवासी सेवेत दाखल झाली. तिच्यातून केवळ पाण्याची वाफ बाहेर पडते. तरीही हायड्रोजन कोणत्या विजेवर तयार केला, यावरच तिचे खरे पदचिन्ह ठरते.

संगीतसभा वा उत्सव यांच्या बाबतीत डिझेल जनित्राऐवजी वीजमंडळाची तात्पुरती जोडणी घेणे हा सोपा उपाय होय. दुरून विमानाने वा मोटारीने येणारे प्रेक्षक हा मात्र सर्वांत मोठा भार ठरू शकतो. त्यावर रेल्वेच्या वेळा पाहून कार्यक्रमाची वेळ ठरविणे हा आयोजकाच्या हातातील उपाय आहे.

७. भार कोणी सोसावा?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात वृद्ध यात्रेकरूला थंड खोली नाकारणे ही काटकसर नव्हे. इंजिन बदलण्याचा सारा खर्च नाविकावर टाकला, तर हवा सुधारेल, पण त्याची चूल विझेल. म्हणून उपायांचा क्रम असा असावा: प्रथम मोजावे, मग विनाखर्चाचे उपाय करावेत, नंतर जो खर्च वीजबिलातून वा इंधनातून परत मिळतो तो करावा, आणि ज्या बदलाचा लाभ साऱ्या नगराला होतो, त्याचा खर्च नगराने वाटून घ्यावा. पाहुणचार कमी करणे हा या शास्त्राचा हेतू नाही; त्यातील व्यर्थ व्यय शोधणे हा आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या वा ग्रंथालयाच्या मागील महिन्याच्या वीजबिलातील युनिट पाहून कार्बन डायॉक्साइडचा भार काढा.
२. १९ किलोग्रॅमच्या गॅस टाकीचा भार किती पणत्यांइतका होतो?
३. वरील यात्रिनिवासातील निम्म्या पाहुण्यांनी वातानुकूलनाऐवजी ३० वॅटचे पंखे वापरले, तर दिवसाचा एकूण भार किती उरेल?
४. गावातील एखाद्या लग्नमंडपात किती अन्न शिजले व किती उरले याची नोंद करा. उरण्याचे कारण शोधा.