वाट मोकळी करायची की रानाला परत द्यायची?

प्रश्न : माझी मुलगी मिनिॲपलिसला राहते. उन्हाळ्यात ती आणि जावई ‘बाउंड्री वॉटर्स’ या जंगलात कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, घेऊन जातात. वाटेत आडवी पडलेली झाडं तिथले वनकर्मचारी कापून बाजूला करतात आणि मुक्कामाच्या जागाही ठरवून दिलेल्या असतात, असं ती सांगते. मग ते अस्सल रान कसलं? इतक्या दुर्गम जागा माणसाने मुळीच हात न लावता सोडून द्यायला नकोत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : माझ्या मते रान सोडून द्यावं, पण त्यातली वाट सोडू नये.

मिनेसोटाच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेला हा प्रदेश सुमारे ११ लाख एकरांचा आहे आणि त्यात हजाराहून जास्त तळी आहेत. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू पाण्याबाहेर काढायची, उलटी करून खांद्यांवर घ्यायची आणि मधली पाऊलवाट चालून जायची. या वाटेला तिकडे पोर्टेज म्हणतात. तिची लांबी आजही रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. १९६४च्या वन्यप्रदेश कायद्याने या भागाला संरक्षण मिळालं. १९७८च्या स्वतंत्र कायद्याने लाकूडतोड थांबली आणि बहुतेक तळ्यांवरून मोटारबोटी गेल्या. वाटा साफ करणाऱ्यांनाही एरवी यंत्र वापरता येत नाही. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत, कुऱ्हाड आणि फावडं, एवढ्यावर काम चालतं. ४ जुलै १९९९च्या वादळाने काही तासांत लाखो झाडं आडवी केली, तेव्हा मात्र अपवाद म्हणून यांत्रिक करवतींना परवानगी द्यावी लागली.

आता समजा, झाडं कापलीच नाहीत. खांद्यावर कनू घेतलेल्या माणसाला आडव्या खोडावरून चढून जाता येत नाही, तो बाजूने वळसा घालतो. पहिला डावीकडून जातो, दुसरा उजवीकडून, तिसरा चिखल टाळून आणखी लांबून. थोड्याच मोसमांत एका वाटेच्या चार वाटा होतात आणि शेवाळाचा ओला गालिचा तुडवला जातो. झाड कापल्याने रान बिघडत असेल, तर न कापल्याने ते जास्त रुंदीवर बिघडतं.

मुक्कामाच्या जागांचं गणित याहून महत्त्वाचं आहे. तिथे सुमारे दोन हजार जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक ठिकाणी चुलीसाठी लोखंडी जाळी आणि आत झाडीत शौचाचा खड्डा असतो. हिमनद्यांनी खरवडलेल्या खडकावर मातीचा थर पातळ, झाडं वाढायला उन्हाळा तोकडा. याच प्रदेशात १९७०च्या दशकात नव्या मुक्कामांच्या जागांचा अभ्यास झाला. बहुतेक नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच होतं आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, असं त्यातून दिसलं. डेव्हिड कोल या वनसंशोधकाने पुढे अनेक ठिकाणी हेच दाखवलं. म्हणजे झिजलेल्या जागी आणखी एका कुटुंबाने तंबू ठोकला तर फारसं काही बदलत नाही, पण कोऱ्या जागी तोच तंबू ठोकला की नवी जखम होते. ठरलेल्या जागा हे रानाचं हॉटेल करणं नव्हे. माणसांची झळ मोजक्या ठिकाणी बांधून ठेवून बाकीचा किनारा वाचवण्याचा तो उपाय आहे.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते सीमेपलीकडे दिसतं. कॅनडाच्या ऑन्टारिओतलं क्वेटिको उद्यान हे त्याच पाण्याचं पुढचं अंग. तिथेही पोर्टेज मोकळे ठेवतात, पण त्यांवर पाट्या नाहीत, मुक्कामाला जाळी नाही, शौचखड्डा नाही. नकाशा वाचून आपली वाट आपणच शोधायची. रोज किती जणांना आत सोडायचं यावर बंधन असल्यामुळे हे निभतं. मला स्वतःला ही रीत अधिक आवडते. बाउंड्री वॉटर्समध्ये येणाऱ्यांची संख्या पाहता मात्र तिथून जाळ्या उखडायला मी कधीच सांगणार नाही.

आणखी उत्तरेला वाबाकिमी हे उद्यान आहे. तिथे लोक रेल्वेने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने पोहोचतात. कितीतरी जुने पोर्टेज झुडपांखाली गडप झाले होते. स्वयंसेवकांनी ते शोधले, मोकळे केले, नकाशावर आणले. यावर आक्षेप असा, की वाट उघडली की माणसं येतात आणि इथे तर कॅरिबू हरणं राहतात. रस्ते आणि सर्वेक्षणासाठी कापलेले सरळ पट्टे लांडग्यांना कॅरिबूपर्यंत पोहोचायला सोपे जातात, हे कॅनडात नीट अभ्यासलं गेलं आहे. म्हणून नवीन रस्त्याला विरोध व्हायलाच हवा. पण हातभर रुंदीच्या, पाण्यापाशी संपणाऱ्या पाऊलवाटेला त्याच मापाने मोजणं मला पटत नाही. उलट उद्यानाच्या हद्दीबाहेर, जिथे लाकूडतोडीच्या योजना आखल्या जातात, तिथे कागदावर नसलेली वाट कोणालाही न कळता नाहीशी होते.

आणि या वाटा पाडल्या कुणी? तिथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांनी, पिढ्यान्‌पिढ्या चालून. फरचा व्यापार करणारे नंतर त्यांवरूनच गेले. या सीमाभागातल्या जुन्या लाल पाइन वृक्षांच्या खोडांवर आगीचे व्रण आहेत. माणसांच्या येण्याजाण्याच्या मार्गांवर छोट्या आगी वारंवार लागत होत्या, लावल्या जात होत्या, हे त्यांवरून वाचता येतं. क्वेटिकोत अनिशिनाबे लोकांचीच एक राखीव जमीन होती, २४-सी क्रमांकाची. ऑन्टारिओ सरकारने १९१५मध्ये कायदा करून ती रद्द केली आणि १९९१मध्ये त्याबद्दल विधिमंडळात माफी मागितली. तेव्हा ‘माणसाचा स्पर्श नसलेलं रान’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याचा काही भाग माणसांना हुसकावून तयार झालेला आहे. त्यांच्या वाटाही रानाच्या नावाने बुजू द्यायच्या, हे मला अन्यायावर अन्याय वाटतं.

रानात माणसाने हात आखडता घ्यायचाच तर तो आगीच्या बाबतीत. ऑगस्ट २०११मध्ये बाउंड्री वॉटर्समधल्या पगामी क्रीकजवळ वीज पडून आग लागली. नैसर्गिक आग म्हणून ती जळू दिली. सप्टेंबरात वारा सुटला आणि ती ९२ हजार एकरांवर पसरली. वनखात्यावर टीका झाली, कनूवाले थोडक्यात बचावले. तरी आग दिसली की विझव, हा नियम तिथे चुकीचाच ठरेल. जॅक पाइनची बंद शंकूफळं आगीच्या उष्णतेने उघडतात, तेव्हा त्याचं बी जमिनीत पडतं. धोका कळताच लोकांना लवकर बाहेर काढण्याची व्यवस्था मात्र चोख हवी.

मुलीला एवढं जरूर सांगा. पोर्टेजवर झाड पडलेलं दिसलं तर नवी वाट पाडू नका. ओझं उतरवा, कनू दोघांनी मिळून खोडावरून सरकवा, आणि परत आल्यावर ते झाड नेमक्या कोणत्या पोर्टेजवर आहे हे रेंजर कार्यालयात कळवा.