विमानाच्या बंद दारांआडची सत्ता : एका करारसंहितेचे वाचन

१

कायद्याची संहिता हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय सहसा मानला जात नाही. परंतु एखाद्या शब्दाच्या अर्थमर्यादेवर जेथे माणसाचे स्वातंत्र्य आणि सुरक्षितता अवलंबून असते, तेथे बारकाईने वाचन करण्याची आपली सवय उपयोगी पडू शकते. या दृष्टीने विमानप्रमुखाच्या अधिकारांचा विचार येथे केला आहे.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात दिल्ली पोलिसांनी बंगळुरात एका विमानप्रवाशाला अटक केली. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कहून दिल्लीस निघालेल्या एअर इंडियाच्या विमानात, मद्याच्या अमलाखाली, एका वृद्ध सहप्रवासी स्त्रीच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याने तो नाकारला. त्याची सत्यासत्यता हा न्यायालयाचा विषय आहे. आपला प्रश्न निराळा आहे. घटना आणि अटक यांमध्ये जवळजवळ सहा आठवडे गेले. विमान दिल्लीत उतरले तेव्हा त्या प्रवाशाला पोलिसांच्या हवाली केले गेले नाही. दोन्ही पक्षांत समेट झाल्यासारखे वाटले, असे कंपनीचे म्हणणे होते. मग आकाशात ज्याच्या हाती सत्ता होती, त्याच्याकडून नेमके काय अपेक्षित होते?

२

विमान चालविणाऱ्यास मराठीत आपण ‘वैमानिक’ म्हणतो. हा शब्द कौशल्य सांगतो, अधिकार सांगत नाही. कोकण किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ मात्र अधिकार सांगतो. फारसीतील ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी, हे त्याचे मूळ. किनारा दृष्टिआड झालेल्या गलबतावर ना कोतवाल असे, ना काजी. म्हणून तेथे धन्याचा शब्द चाले. विमानातही पोलिस नाही आणि न्यायाधीशही नाही. तथापि गलबत दीर्घकाळ समुद्रावर असे, विमान काही तासांत जमिनीवर येते. त्यामुळे विमानप्रमुखाची सत्ता ही धन्याची सत्ता नव्हे. जमिनीवरच्या कायद्याने काही तासांपुरती उसनी दिलेली ती सत्ता आहे. उसने घेणाऱ्यास हिशेब द्यावा लागतो, हे सूत्र पुढील विवेचनात ध्यानात ठेवावे.

३

या सत्तेची मूळ संहिता म्हणजे १४ सप्टेंबर १९६३ रोजी टोकियो येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार. तो ४ डिसेंबर १९६९ रोजी अमलात आला. भारताने तो १९७५ मध्ये स्वीकारला आणि त्याच वर्षी संसदेने टोकियो करार अधिनियम संमत केला.

‘उड्डाणात असलेले विमान’ या एकाच पदाच्या या संहितेत दोन व्याख्या आहेत, ही गोष्ट वाचकाचे लक्ष वेधून घेते. पहिल्या अनुच्छेदानुसार उड्डाणासाठी यंत्रशक्ती लावल्यापासून उतरल्यानंतरची धाव संपेपर्यंत विमान उड्डाणात असते; ही यंत्राची व्याख्या झाली. परंतु विमानप्रमुखाचे अधिकार सांगणाऱ्या प्रकरणासाठी पाचवा अनुच्छेद दुसरीच व्याख्या देतो : प्रवासी चढल्यावर बाहेरची सर्व दारे बंद झाल्याच्या क्षणापासून, प्रवासी उतरविण्यासाठी त्यांपैकी एखादे दार उघडेपर्यंत. ही माणसांची व्याख्या आहे. दार लागले की प्रवाशाला बाहेर पडता येत नाही, आणि बाहेरच्या कोणास त्याच्या मदतीला आत येता येत नाही. म्हणून तेवढ्या काळापुरता कोणीतरी उत्तरदायी हवा. विमान भलत्याच ठिकाणी उतरविणे भाग पडले, तर तेथील अधिकारी ताबा घेईपर्यंत ही सत्ता टिकते. मॉन्ट्रियलच्या २०१४ च्या पूरक कराराने, जो १ जानेवारी २०२० पासून अमलात आला, हे द्वैत मिटवून दारांचीच व्याख्या सर्वत्र लावली. अर्थात तो स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपुरती.

४

आता अधिकारांकडे वळू. सहाव्या अनुच्छेदानुसार, एखाद्या व्यक्तीने अपराध केला आहे, किंवा विमानाची सुरक्षितता अथवा आतील सुव्यवस्था व शिस्त धोक्यात आणणारे कृत्य केले आहे वा ती ते करण्याच्या बेतात आहे, असे मानण्यास रास्त कारण असेल, तर विमानप्रमुख तिला बांधून ठेवण्यापर्यंतचे वाजवी उपाय योजू शकतो. आपल्या सहकाऱ्यांना तो मदतीची आज्ञा करू शकतो. प्रवाशांना मात्र केवळ विनंती करू शकतो किंवा मुभा देऊ शकतो. आठव्या अनुच्छेदाने अशा प्रवाशास वाटेत उतरवून देण्याचा, तर नवव्याने, आपल्या मते गंभीर अपराध केलेल्यास अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचा अधिकार दिला आहे. कराराला धरून केलेल्या कृतीबद्दल दहावा अनुच्छेद त्याला संरक्षणही देतो.

परंतु या प्रत्येक अधिकाराला एक कर्तव्य जोडलेले आहे. कोणास बांधून ठेवले असेल, तर शक्यतो उतरण्यापूर्वीच ते सकारण कळवावयाचे. कोणास उतरविले, तर त्याचीही कारणे द्यावयाची. कोणास स्वाधीन करावयाचे असेल, तर हेतू व कारणे कळवून हाती असलेला पुरावा सुपूर्त करावयाचा. म्हणजे करार त्याला दोर देतो, आणि त्याबरोबर लेखणीही देतो. संहितेचा विचार केला तर विमानप्रमुख हा दंडाधिकारी नसून घटनेचा पहिला निवेदक आहे.

५

भारतातील तीन प्रकरणे या निकषावर तपासून पाहता येतील.

२३ मार्च २०१७ रोजी पुण्याहून दिल्लीस आलेल्या विमानात उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या अधिकाऱ्यास मारहाण केली. तसे त्यांनी स्वतःच वृत्तवाहिन्यांपुढे सांगितले. देशांतर्गत उड्डाण असल्याने टोकियो कराराचे हे प्रकरण येथे थेट लागू नव्हते. पण दारांची व्याख्या लावून पाहिली, तर प्रवासी उतरून गेले होते, दारे उघडली होती, म्हणजेच निवेदकाचा काळ संपला होता. विमानकंपन्यांनी एकत्र येऊन घातलेली बंदी पंधरवड्यात उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम केले. बेशिस्तीच्या तीन पायऱ्या ठरल्या : शाब्दिक, शारीरिक आणि जीवघेणी; त्यांसाठी अनुक्रमे तीन महिने, सहा महिने आणि किमान दोन वर्षे बंदी. विमानप्रमुखाची तक्रार, आणि निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील समितीचा ३० दिवसांत निर्णय, अशी रीत घालून देण्यात आली.

२८ जानेवारी २०२० रोजी मुंबई-लखनौ विमानात विनोदकार कुणाल कामरा यांनी वृत्तनिवेदक अर्णब गोस्वामी यांना प्रश्न विचारून भंडावले. इंडिगो कंपनीने तत्काळ सहा महिन्यांची बंदी घातली. त्या विमानाच्या प्रमुखाने मात्र कंपनीस कळविले की, वर्तन अशोभनीय असले तरी ते पहिल्या पायरीच्याही व्याख्येत बसत नव्हते, आणि आपल्याला न विचारताच निर्णय घेतला गेला. येथे निवेदक होता, परंतु त्याचे निवेदन ऐकण्यापूर्वीच निकाल लागला होता.

तिसरे प्रकरण प्रारंभी सांगितलेले. २० जानेवारी २०२३ रोजी महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला आणि विमानप्रमुखाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. प्रवाशांच्या सुरक्षिततेची व विमानातील शिस्तीची जबाबदारी १९३७ च्या विमान नियमांतील १४१ वा नियम त्याच्यावर टाकतो. ती पार पाडली नाही, असा ठपका होता. एका व्यक्तीवर सारा भार टाकणे कितपत न्याय्य, याविषयी वैमानिकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो विचारार्ह आहे. तथापि दारे उघडली तेव्हा त्या वृद्धेची हकिकत सांगणारे कोणीच नव्हते, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

६

या तिन्ही प्रकरणांत कोणास बांधून ठेवण्याचा प्रश्नच आला नाही. सर्वत्र प्रश्न होता तो शब्दाचा : एकदा त्याची वेळ टळली होती, एकदा तो डावलला गेला, एकदा तो उच्चारलाच गेला नाही. विमानप्रमुखाच्या अधिकारांची चर्चा आपल्याकडे बहुधा बळाच्या परिभाषेत होते. संहिता मात्र त्याच्याकडून पाहणे, पारखणे आणि सकारण सांगणे मागते. समेटाचा देखावा आणि खरा समेट यांतील भेद ओळखणे, अशोभनीय आणि बेकायदेशीर यांतील रेषा सांभाळणे, ही अर्थनिर्णयाची कामे आहेत. ती दारे उघडण्यापूर्वीच व्हावी लागतात. कारण त्यानंतर जमिनीवरच्या कायद्याला जे हाती येते, ते त्याच्या अहवालाएवढेच असते.