आदरांजलीच्या भाषणांतून इंग्रजी शब्दांचा अभ्यास



इंग्रजी येत नाही, ही आपल्या मुलामुलींची तक्रार जुनीच आहे. शाळेत व्याकरण शिकविले जाते, घरी शब्दांचे पाठांतरही होते. परंतु अर्ज लिहिताना किंवा मुलाखतीला बसल्यावर नेमका शब्द आठवत नाही. आमच्या मते याचे कारण एकच. सुटा शब्द मनात टिकत नाही. तो कोणी, कोणत्या प्रसंगी आणि का वापरला हे ठाऊक असेल, तर तो विसरू म्हटले तरी विसरत नाही.

म्हणून आम्ही एक मार्ग सुचवितो. दिवंगत नेत्यांच्या गौरवार्थ झालेली इंग्रजी भाषणे वाचावीत. विषय आपल्या परिचयाचा असतो आणि बोलणारा प्रत्येक शब्द तोलून वापरतो. या लेखासाठी मुख्यतः दोन भाषणे घेतली आहेत. एक, ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पंतप्रधान पंडित नेहरू यांनी लोकसभेत केलेले. दुसरे, १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये स्वतः बाबासाहेबांनी केलेले.

प्रथम प्रसंगाचे शब्द पाहू. आदरांजलीला इंग्रजीत 'ट्रिब्यूट' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ खंडणी असा आहे. मांडलिकाने राजाला द्यावयाची रक्कम म्हणजे ट्रिब्यूट. म्हणूनच इंग्रजीत आदरांजली 'वाहत' नाहीत, 'देतात'. क्रियापद 'पे' हे येते आणि पुढे 'टू' हे अव्यय लागते. 'पे ट्रिब्यूट टू' असा पूर्ण तुकडाच पाठ करावा. याच कुळातला 'कॉन्ट्रिब्यूट' म्हणजे आपला वाटा देणे. वर्गणीही कॉन्ट्रिब्यूशन आणि राज्यघटनेच्या निर्मितीतील बाबासाहेबांचे योगदानही कॉन्ट्रिब्यूशनच. 'डिस्ट्रिब्यूट' म्हणजे वाटून देणे. एका मुळावर तीन शब्द हाती आले.

दुसरा शब्द 'लेट'. आपली मुले याचा अर्थ 'उशिरा' एवढाच जाणतात. नावापूर्वी 'द लेट' आले की अर्थ होतो दिवंगत. आपल्या समाजात कैलासवासी किंवा स्वर्गीय न लिहिता 'कालकथित' लिहिण्याची पद्धत आहे. इंग्रजी 'लेट' हा शब्द तसाच आहे. तो माणसाला कोणत्याही स्वर्गात पाठवीत नाही. मात्र तो जवळच्या काळातील व्यक्तींनाच लावतात, इतिहासातील पुरुषांना लावत नाहीत. 'महापरिनिर्वाण' या शब्दाला मात्र इंग्रजी प्रतिशब्द शोधू नये. तो तसाच लिहावा आणि विचारले तर अर्थ सांगावा.

आता नेहरूंचे भाषण. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून बाबासाहेबांनी १९५१ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता, हे लक्षात ठेवून ते वाचावे. मतभेद असलेला माणूस बोलत आहे. त्यांनी बाबासाहेबांना 'कॉन्ट्रोव्हर्शियल' म्हटले. हा शब्द ऐकून काहींना राग येतो. परंतु ही शिवी नव्हे. ज्याच्या विचारांवर वाद झडतात तो कॉन्ट्रोव्हर्शियल. ज्याने कोणालाही काही विचारले नाही, त्याच्याविषयी वाद होण्याचे कारणच नसते. त्याच भाषणात नेहरूंनी बाबासाहेबांचे वर्णन हिंदू समाजातील जुलमी गोष्टींविरुद्धच्या बंडाचे प्रतीक असे केले. तेथे 'सिम्बॉल' आणि 'रिव्होल्ट' हे शब्द आले. सिम्बॉलपुढे 'ऑफ' येते, रिव्होल्टपुढे 'अगेन्स्ट' येते. रिव्होल्ट आणि रिव्होल्यूशन एकाच मुळाचे. उलटे फिरणे, फिरवून टाकणे हा मूळ अर्थ.

'जुलमी' या अर्थाचा शब्द 'ऑप्रेस' या क्रियापदापासून येतो. यात 'प्रेस' म्हणजे दाबणे. हे कुटुंब आपण नीट ओळखावे, कारण ते आपल्याच इतिहासाचे आहे. इंग्रजी अमदानीत आपल्याला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. डिप्रेस्ड म्हणजे खाली दबलेले. कोणी दाबले ते या शब्दात येत नाही. 'सप्रेस्ड' म्हणजे दडपून ठेवलेले. 'ऑप्रेस्ड' म्हणजे जुलूम झालेले. आणि हा शब्द उच्चारताच 'ऑप्रेसर' म्हणजे जुलूम करणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. तीन शब्दांचा मराठीत सरसकट 'दलित' असा अर्थ लिहून मोकळे होणारा विद्यार्थी हा फरक गमावतो. याच घरातला चौथा शब्द 'एक्सप्रेस', म्हणजे बाहेर काढणे, व्यक्त करणे. दबलेल्याने हा शब्द अवश्य शिकावा.

ओघानेच 'शेड्यूल्ड' हा शब्दही पाहू. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' ही संज्ञा आली. शेड्यूल म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, अनुसूची. आम्ही बँकेत काम करतो, तेथे 'शेड्यूल्ड बँक' हा शब्द रोजचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जिचे नाव आहे ती शेड्यूल्ड बँक. बँक हा शब्द अभिमानाने पाटीवर लिहिते. मग फॉर्म भरताना आपल्या मुलांनी तो दबक्या हाताने का लिहावा? यादीत समाविष्ट, एवढाच त्याचा अर्थ आहे.

रानडे यांच्यावरील भाषण थोडे कठीण आहे, पण श्रम वाया जाणार नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात ते आहे. त्यात बाबासाहेब 'एमिनंट' आणि 'ग्रेट' या दोन शब्दांत भेद करतात. एमिनंट म्हणजे नामांकित, चारचौघांत उठून दिसणारा. ग्रेट होण्यास तेवढे पुरत नाही. त्यामागे सामाजिक हेतू हवा. असा माणूस समाजाचा 'स्कर्ज' आणि 'स्कॅव्हेंजर' असला पाहिजे, असे ते सांगतात. स्कर्जचे स्पेलिंग एस-सी-ओ-यू-आर-जी-ई, अर्थ आसूड. स्कॅव्हेंजर म्हणजे घाण साफ करणारा. ज्या कामावरून माणसाला हीन ठरविले गेले, त्याच कामाचा शब्द बाबासाहेबांनी महापुरुषाच्या माथी मानाने ठेवला. पुढे ते म्हणतात की, आदराला पात्र ठरण्याची 'टायटल डीड्स' हीच. टायटल डीड म्हणजे मालकी हक्काचा दस्त. घरावर कर्ज देताना बँक तो आधी पाहते. आदरालाही दस्त लागतो. तो कामाने मिळवावा लागतो, हे या एका शब्दात आले.

शेवटचा शब्द 'ग्रॅटिट्यूड', कृतज्ञता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी थोरांविषयीच्या कृतज्ञतेलाही मर्यादा असते, असे बजावले आणि राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. याच मुळातून 'ग्रॅच्युइटी' हा शब्द झाला. पूर्वी ती मालकाची मेहेरबानी होती. १९७२ च्या कायद्याने ती कामगाराचा हक्क झाली. शब्दांचे अर्थ असे बदलतात, आणि माणसेच ते बदलून घेतात.

अभ्यासाची पद्धत सोपी आहे. दोनशे पानी वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात शब्द व स्पेलिंग, दुसऱ्यात त्याचे कुटुंब, तिसऱ्यात त्यापुढे येणारे अव्यय आणि चौथ्यात स्वतःचे वाक्य. वाक्य आपल्या जीवनातील असावे. 'आय ॲम ग्रेटफुल टू माय मदर फॉर माय एज्युकेशन' हे वाक्य ज्याने स्वतः लिहिले, त्याला 'टू' आणि 'फॉर' यांचा फरक पुन्हा शिकवावा लागत नाही. रोज पाच शब्द पुरेत. वर्षात अठराशेच्या वर होतात. उतारा मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने ऐकावा. संस्थेच्या वाचनालयात रविवारी एक तास यासाठी ठेवता आला तर उत्तमच.

आम्ही दरवर्षी जयंतीला आणि ६ डिसेंबरला व्यासपीठावरून भाषणे ऐकतो. इंग्रजीतून बोलणारे आपले विद्यार्थी 'ग्रेट' हा शब्द दहा वेळा उच्चारतात आणि खाली बसतात. त्यांच्या भावनेत उणे काही नाही. परंतु ज्या बाबासाहेबांनी ग्रेट या शब्दासाठी दस्त मागितला, त्यांच्याविषयी बोलताना आपणही तो दस्त दाखविला पाहिजे. त्यांनी काय लिहिले, कशाविरुद्ध रिव्होल्ट केला, काय कॉन्ट्रिब्यूट केले, हे नेमक्या शब्दांत सांगता आले पाहिजे. ते ज्याला सांगता येईल, त्याला उद्या स्वतःचा अर्ज लिहिता येईल, आपल्यावरील अन्यायाची तक्रार मांडता येईल आणि मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तर देता येईल. येत्या ६ डिसेंबरला आपल्यापैकी एकाने तरी तीन मिनिटांचे भाषण करावे आणि त्यात 'ग्रेट' हा शब्द एकदाच, पण दस्तासह वापरावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.